सीएनसी जॉब अर्ध्यात तुटतो किंवा सरकतो: नवा बोर्ड घेण्याआधी काय तपासायचं

रास्पबेरी पाय किंवा तशाच छोट्या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर सीएनसी राउटर चालवणाऱ्यांची एक तक्रार माझ्याकडे सतत येते. जॉब व्यवस्थित सुरू होतो, बराच वेळ चालतो आणि मग मशीन मध्येच उभं राहतं. किंवा जॉब पूर्ण होतो, पण तुकडा एका बाजूला सरकलेला निघतो. त्यापाठोपाठ प्रश्न येतो: बोर्ड कमी पडतोय का, कोणता घेऊ?

बहुतेक वेळा बोर्डाचा दोष नसतो. दोष वीजपुरवठ्यात, यूएसबी केबलमध्ये, स्पिंडलच्या (टूल फिरवणाऱ्या मोटरच्या) वायरिंगमध्ये किंवा एखाद्या ढिल्या स्क्रूत असतो, आणि दुप्पट वेगाचा बोर्ड लावला तरी तो तसाच राहतो. म्हणून इथे बोर्डाची निवड सगळ्यात शेवटी ठेवली आहे.

लक्षणं

मशीन मध्येच थांबतं, स्क्रीनवर पोर्ट बंद झाल्याचा संदेश येतो, स्पिंडल मात्र फिरतच राहतो. टूल लाकडात एकाच जागी फिरत राहिलं की तिथे जळतं, म्हणून हे लक्षण सगळ्यात धोकादायक.

टूल टेबलाच्या मधोमध आहे, एकाही लिमिट स्विचच्या (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणाऱ्या स्विचच्या) जवळपास नाही, तरी हार्ड लिमिटचा, म्हणजे तो स्विच दाबला गेल्याचा, अलार्म लागतो.

सरळ रेषेत मशीन सुरळीत चालतं, पण वळणावर अडखळतं. वर्तुळाच्या कडेला बारीक खुणा उमटतात.

जॉब पूर्ण होतो पण माप चुकतं. कधी एकाच अक्षावर एकदम काही मिलिमीटरची उडी दिसते, तर कधी चूक थोडीथोडी वाढत गेलेली असते. या दोन्हींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे आपल्याकडे नेमकं काय घडतंय ते लिहून ठेवा.

बोर्ड स्वतःच रीस्टार्ट होतो, किंवा काल चालू होता आणि आज बूटच होत नाही.

पुढे जाण्याआधी एक अट. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण स्पिंडलची आणि मोटर ड्रायव्हरची वीज प्रत्यक्ष तोडणारं असलं पाहिजे. ते दाबल्यावर बोर्डाला फक्त ‘थांब’ असा निरोप जात असेल, तर बोर्ड अडकलेला असताना त्याचा काहीच उपयोग नाही. तसं असेल तर आधी तेच दुरुस्त करा, बाकीच्या तपासण्या नंतर.

पहिली तपासणी: तीच फाइल तीनदा चालवा

याला खर्च काहीच नाही आणि अर्ध्याहून जास्त उत्तर इथेच मिळतं. ज्या फाइलवर बिघाड होतो तीच घ्या. पहिल्यांदा टूल काढून, झेड (उभा अक्ष) वर उचलून, स्पिंडलची वीज पूर्ण बंद ठेवून हवेत चालवा. दुसऱ्यांदाही हवेतच, पण स्पिंडल चालू ठेवून. डस्ट कलेक्टर वापरत असाल तर तोही लावा. तिसऱ्यांदा टूल लावून टाकाऊ तुकड्यावर. तिन्ही वेळा मशीनजवळ उभे राहा.

स्पिंडल बंद असतानाही जॉब तुटला, तर विद्युत गोंगाटाचा (वायरींमध्ये शिरणाऱ्या नको त्या सिग्नलचा) विषय बराचसा संपतो. कारण बोर्डाच्या वीजपुरवठ्यात, सॉफ्टवेअरमध्ये किंवा फाइलमध्ये आहे. त्यातही दर वेळी त्याच ओळीवर तुटत असेल तर फाइल बघा. वेगवेगळ्या ठिकाणी तुटत असेल तर वीज, केबल, उष्णता. पहिल्या वेळी नीट चाललं आणि दुसऱ्यांदा तुटलं, तर स्पिंडल, त्याचा ड्राइव्ह किंवा डस्ट कलेक्टर गोंगाट करतोय. दोन्ही वेळा नीट चाललं आणि फक्त लाकडात सरकलं, तर चूक यांत्रिक आहे किंवा मोटरवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडतोय. मग बोर्ड बदलण्यात काहीच अर्थ नाही.

हे न करता लोक थेट केबली बदलायला लागतात. त्यात एखाद वेळी बिघाड आपोआप दबतो, आणि नेमकं कशाने दबला ते कळत नाही. महिन्याभराने तो परत येतो.

बोर्डाचा वीजपुरवठा

रास्पबेरी पाय ३ ला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा सप्लाय लागतो, पाय ४ ला ३ अँपिअरचा, पाय ५ ला ५ अँपिअरचा. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड त्याची नोंद करतो आणि स्क्रीन जोडलेला असेल तर विजेचं चिन्ह दाखवतो. मोबाइलचा चार्जर नेमके ५ व्होल्ट देतो, लांब आणि बारीक केबलमध्ये त्यातले काही गळतात, आणि बोर्डावर भार आला की उरलेलं व्होल्टेज त्या सीमेखाली जातं. चार्जरवर ३ अँपिअर छापलेलं असलं तरी केबलमधली गळती त्याने थांबत नाही.

तपासायला टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्या. उत्तर ०एक्स० आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून काही घडलेलं नाही. ०एक्स५०००० आलं तर आत्ता ठीक आहे, पण मधे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि प्रोसेसरचा वेग उतरला होता. ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता या क्षणीही तेच चालू आहे. ही नोंद रीस्टार्ट केल्यावर पुसली जाते, म्हणून जॉब तुटला की बोर्ड बंद करण्याआधी ही आज्ञा चालवायची सवय लावून घ्या.

मल्टिमीटरने मोजायचं असेल तर ४० पिनांच्या पट्टीवर २ किंवा ४ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट असतात आणि ६ नंबरवर ग्राउंड. प्रोब घसरू देऊ नका. २ नंबरच्या शेजारी १ नंबरवर ३.३ व्होल्टची पिन आहे आणि त्या दोन एकमेकींना टेकल्या तर बोर्ड जातो.

पाय ५ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्याला ३ अँपिअरचा सप्लाय जोडला तर तो सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. कंट्रोलर (मोटर चालवणारा वेगळा बोर्ड), टचस्क्रीन आणि कॅमेरा असं तिन्ही त्यावर टांगलं की काहीतरी गळून पडणारच. योग्य सप्लाय लावला की ही मर्यादा १.६ अँपिअरवर जाते.

रिले, कूलिंग पंखे, एलईडी पट्ट्या यांना बोर्डाच्या ५ व्होल्टवर जोडलं असेल तर ते आधी काढा. त्यांना वेगळा सप्लाय द्या.

यूएसबी केबल आणि लॉग

आर्डुइनो उनो या कंट्रोलरवर ग्रबल (जी-कोड वाचून मोटर चालवणारा प्रोग्रॅम) आणि त्याला जी-कोड, म्हणजे हालचालींच्या आज्ञा, पाठवणारा छोटा बोर्ड, ही जोडी सगळ्यात जास्त दिसते. इथे जॉब तुटल्यावर दोन ठिकाणी पाहायचं.

पहिलं ठिकाण म्हणजे ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेने दिसणारा कर्नलचा लॉग. त्यात यूएसबी डिस्कनेक्ट झाल्याची आणि लगेच नवा डिव्हाइस नंबर मिळाल्याची नोंद असेल, तर संपर्क प्रत्यक्षात तुटला होता. कधी कधी हबने पोर्ट बंद करून पुन्हा चालू केल्याची ओळ येते आणि त्यात ‘ईएमआय’ हा शब्द प्रश्नचिन्हासह असतो. ती ओळ दिसली की विद्युतचुंबकीय गोंगाटावर दाट संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे जी-कोड पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची कन्सोल खिडकी. ग्रबल सुरू होताना स्वतःचं नाव आणि आवृत्ती सांगणारी ओळ पाठवतो. ती जॉबच्या मध्ये दिसली तर आर्डुइनो रीसेट झाला आहे. कर्नलचा लॉग स्वच्छ आणि ही ओळ मात्र आली, असं असेल तर यूएसबी शाबूत होती. मग आर्डुइनोचं व्होल्टेज पडलं, त्याच्या रीसेट पिनवर गोंगाट शिरला, किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तोच पोर्ट उघडला. उनोची रचनाच अशी आहे की सीरियल पोर्ट नव्याने उघडला की तो रीसेट होतो. काही लिनक्स वितरणांत मोडेम शोधणारी सेवा नवीन सीरियल पोर्ट दिसला की त्याची चाचपणी करते. मशीनच्या बोर्डावर तिचं काही काम नाही, ती काढून टाका.

केबलबाबत माझं मत ठाम आहे. शक्य तितकी आखूड, शिल्ड असलेली, दोन्ही टोकांना फेराइट असलेली घ्या, आणि ती मोटरच्या किंवा स्पिंडलच्या वायरींबरोबर एकाच ड्रॅग चेनमधून नेऊ नका. लांब केबल आणि वर एक्स्टेन्शन ही रचना मला एकाही मशीनवर टिकलेली दिसलेली नाही. कंट्रोलरचा डबा दूर असेल तर छोटा बोर्ड त्या डब्याजवळ न्या आणि स्क्रीन-कीबोर्डाऐवजी नेटवर्कवरून चालवा.

बोर्डावर आणखी काय चालू आहे

हे पटकन उरकता येतं. स्क्रीन झोपणं, यूएसबीचं ऑटो-सस्पेंड आणि आपोआप होणारी अपडेट बंद करा. फाइल पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्क फोल्डरमधून न चालवता बोर्डाच्या स्वतःच्या स्टोरेजवर कॉपी करून चालवा. जॉब चालू असताना त्याच बोर्डावर ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघणं किंवा कॅमेऱ्याने टाइमलॅप्स घेणं टाळा. रास्पबेरी पायवर तापमान ८० अंश सेल्सिअसला पोचलं की प्रोसेसर वेग उतरवायला लागतो. बंद डब्यात, शेजारी तापलेले स्टेपर ड्रायव्हर असताना तिथवर पोचायला वेळ लागत नाही. हीटसिंक आणि पंखा लावा, पण पंख्याला फिल्टर हवा. बारीक भुसा हीटसिंकवर बसला की तो घोंगडीसारखा उष्णता धरून ठेवतो.

मेमरी कार्डाचंही इथेच सांगतो. लिहिणं चालू असताना थेट वीज तोडली की कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडते. बोर्ड नीट शटडाउन करा. ते जमणार नसेल, म्हणजे मशीनचा मुख्य स्विच पाडला की सगळंच बंद होत असेल, तर रास्पबेरी पायच्या कॉन्फिगरेशन मेनूमधली ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा. मग कार्डावर काही लिहिलं जात नाही आणि अचानक वीज गेली तरी ते शाबूत राहतं. एक चालू कार्ड हुबेहूब कॉपी करून बाजूला ठेवा.

वळणावर अडखळणं: आकडेमोड करा

या लक्षणासाठी लोक सगळ्यात आधी महागडा बोर्ड घेतात, आणि अडथळा मात्र भलतीकडेच असतो.

ग्रबलची सीरियल जोडणी ११५२०० बॉडची असते, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. जी-कोडची एक ओळ साधारण २५ अक्षरांची धरली तर सेकंदाला सुमारे ४६० ओळी जातात, त्याही कागदावर. आता कॅम (डिझाइनवरून जी-कोड बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरने वळणाचे ०.१ मिलिमीटरचे सरळ तुकडे पाडले आहेत आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला ३००० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर आहे असं समजा. मशीनला सेकंदाला ५०० ओळी लागतील. येतात ४६०. उनोवर ओळींसाठी १२८ बाइटचा बफर आणि १६ हालचालींचा प्लॅनर असतो, तो क्षणात रिकामा होतो, आणि पुढे काय आहे ते न दिसल्यामुळे ग्रबल वेग कमी करतो. तेच ते अडखळणं. पाठवणारा बोर्ड कितीही वेगवान असला तरी हा नळ तेवढाच राहतो.

उपाय कॅममध्ये आहे. वळणांचे तुकडे पाडण्याऐवजी जी२ आणि जी३ चे कंस बाहेर पडू द्या, स्मूदिंग चालू करा, टॉलरन्स (मापात चालणारी चूक) थोडा सैल करा. लाकडाच्या कामात ०.०१ मिलिमीटरच्या टॉलरन्सची गरज क्वचितच असते. नक्षीकामासारख्या खरोखर दाट फाइली रोज चालवायच्या असतील तर कंट्रोलर ३२ बिटांचा घ्या. ग्रबलएचएएल चालवणारा टीन्सी ४.१ किंवा फ्लुइडएनसी चालवणारा ईएसपी३२ इथे खरा फरक पाडतो.

माप सरकणं: आधी पाना, मग प्रोग्रॅम

वीज बंद करून कपलिंगचे ग्रब स्क्रू तपासा. मोटरच्या शाफ्टवर आणि कपलिंगवर मार्करने एक सरळ रेष मारा आणि जॉबनंतर बघा. रेष तुटलेली दिसली तर शोध संपला. नंतर बेल्टचा ताण, नटमधली ढिलाई, गाडं सरकताना कुठे जड जातंय का ते हाताने सरकवून बघा.

सगळं घट्ट असेल तर पल्सचा (मोटरला एकेक पायरी पुढे नेणाऱ्या सिग्नलचा) हिशोब करा. २०० पायऱ्यांची मोटर, १६ मायक्रोस्टेप (प्रत्येक पायरीचे १६ भाग) आणि ५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू म्हणजे मिलिमीटरला ६४० पल्स. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाला सेकंदाला ३२,००० पल्स लागतात. उनोवरच्या ग्रबलची मर्यादा सुमारे ३०,००० आहे. म्हणजे सेटिंग कागदावरच अशक्य आहे. मायक्रोस्टेप ८ वर आणा आणि ग्रबलमधला मिलिमीटरला पल्सचा आकडाही निम्मा करा, की गरज १६,००० वर येते. अचूकतेत जाणवेल असा फरक पडत नाही.

एकदम मोठी उडी दिसत असेल तर मोटर अडकली होती: अॅक्सेलरेशन कमी करा, ड्रायव्हरचा करंट मोटरच्या पाटीप्रमाणे आहे का बघा. चूक थोडीथोडी आणि एकाच दिशेने वाढत असेल तर वेगळा संशय धरा. स्टेप सिग्नलची धार उलटी लावलेली असली की दिशा बदलताना पल्स चुकतो आणि ती चूक प्रत्येक उलटसुलट हालचालीबरोबर साठत जाते. खात्री करायची तर डायल गेज लावून छोट्या अंतरावर मशीनला पुन्हा पुन्हा पुढे-मागे न्या, एकदा सावकाश आणि एकदा वेगात. वेग काहीही असला तरी चूक सारखीच आली तर ती सिग्नलची आहे. फक्त वेगात आली तर ताकदीची.

बोर्डाच्या जीपीआयओ (सिग्नल देणाऱ्या-घेणाऱ्या) पिनांवरून थेट स्टेपर ड्रायव्हर चालवत असाल तर आणखी एक तपासणी आहे. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि बहुतेक मोठ्या ड्रायव्हरच्या ऑप्टो (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणाऱ्या) इनपुटना किमान ५ व्होल्ट अपेक्षित असतात. ३.३ व्होल्टवर ऑप्टो जेमतेम चालू होतो. टेबलावर मोटर फिरते म्हणून सगळं ठीक वाटतं आणि जॉबमध्ये पल्स गळतात. मध्ये ७४एचसीटी२४५ सारखी बफर चिप घाला. उलट बाजूने ५ व्होल्टचा सिग्नल या पिनांवर कधीही आणू नका, त्या ते सहन करत नाहीत.

गोंगाट, आणि कुठे हात थांबवायचा

स्पिंडल चालू केल्यावरच बिघाड होत असेल तर इथून पुढे या. क्रम हा ठेवा.

छोट्या बोर्डाचा सप्लाय स्पिंडलपेक्षा वेगळ्या सॉकेटवर न्या. सिग्नलच्या वायरी मोटरच्या वायरींपासून लांब करा. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात ओलांडा. लिमिट स्विच एनसी (दाबल्यावर सर्किट तोडणाऱ्या) जोडणीत लावा आणि त्यांना शिल्डेड वायर द्या, शिल्ड एकाच टोकाला, कंट्रोलरच्या डब्याकडे, जोडा. आर्डुइनोच्या चिपमधले आतले पुल-अप (सिग्नलची वायर वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचे, म्हणजे फारच दुबळे असतात आणि लांब वायर त्यांच्यावर अँटेनासारखी बसते. बाहेरून २.२ ते ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की खोटे अलार्म बहुतेक थांबतात. २४ व्होल्टवर ऑप्टोकपलरमधून लिमिट घेतलं तर आणखी चांगलं.

डस्ट कलेक्टरची प्लॅस्टिक नळी विसरू नका. तिच्यातून कोरडा भुसा वेगाने गेला की स्थिर वीज साठते आणि एका ठिणगीत कंट्रोलर रीसेट होतो. हवा कोरडी असतानाच बिघाड वाढत असेल तर आधी हीच तपासा. नळीच्या आतून-बाहेरून उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थला जोडतात.

एवढं करूनही यूएसबी तुटत असेल तर यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संपर्क तोडणारा) लावा. उनोसारख्या कंट्रोलरला १२ मेगाबिटचा पुरतो.

आता थांबण्याची जागा. व्हीएफडीचं (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं) झाकण उघडू नका. वीज बंद केल्यानंतरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं जीवघेणं व्होल्टेज राहतं. मशीनच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, स्पिंडल सुरू करताच आरसीडी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) किंवा ब्रेकर पडत असेल, अर्थिंग आहे की नाही याचीच खात्री नसेल, थ्री-फेज जोडणीला हात घालावा लागत असेल, किंवा कुठे जळका वास आणि काळवंडलेलं टर्मिनल दिसत असेल, तर मशीन बंद ठेवा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. आरसीडी काढून टाक म्हणजे पडणार नाही, असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. तो पडतोय म्हणजे करंट जाऊ नये त्या वाटेने जातोय. स्पिंडलची शिल्डेड केबल बदलणं, तिचं शिल्ड व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला नीट बसवणं आणि लाइन फिल्टर लावणं ही कामंही त्याच भेटीत करून घ्या. बोलवताना त्या तीन फेऱ्यांत काय झालं आणि लॉगमध्ये काय दिसलं ते कागदावर लिहून द्या. त्याला अंदाजाने शोधत बसावं लागत नाही.

बोर्ड स्वतः पल्स बनवत असेल तर लेटन्सी मोजा

इथपर्यंतच्या बहुतेक गोष्टी लागू होतात त्या पल्स वेगळ्या कंट्रोलरवर बनत असतील तेव्हाही. लिनक्ससीएनसी (लिनक्सवर मशीन चालवणारा प्रोग्रॅम) वापरून बोर्डानेच पल्स बनवले जात असतील तर ‘अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले’ हा संदेश ओळखीचा असेल. सेकंदाला २०,००० पल्स म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदाला एक. त्यातला एखादा ४० मायक्रोसेकंद उशिरा निघाला तर मोटरला ते अचानक थांबणं आणि लगेच झेप घेणं वाटतं. जास्त वेगात ती पायरी सोडते.

लिनक्ससीएनसीबरोबर येणारी लेटन्सी (काम व्हायला लागणारा उशीर) टेस्ट लावा आणि ती चालू असताना बोर्डावर मुद्दाम भार टाका: ब्राउझर उघडा, मोठ्या फाइली कॉपी करा, खिडक्या हलवा. निवांत बोर्डावर मोजलेला आकडा फसवा असतो. कमाल जिटर (ठरल्या वेळेपासूनचा फरक) १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर सॉफ्टवेअरने पल्स बनवायला चांगलं. ३० ते ५० मध्ये चालतं, पण वेग मनासारखा मिळत नाही. १०० च्या वर गेलं तर त्या बोर्डाकडून पल्स बनवून घेऊ नका. १ मिलिसेकंदाच्या वर असेल तर तो लिनक्ससीएनसीसाठी नाहीच. आणि कर्नल रिअलटाइम (ठरल्या वेळेत काम करणाऱ्या) प्रकारचा आहे ना, हे आधी बघा. त्यासाठी लागणारा प्रीएम्प्ट-आरटी हा भाग मूळ लिनक्समध्ये २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत आला, पण बोर्डाबरोबर मिळणारी इमेज तो चालू करून येते असं नाही.

आता बोर्डाची निवड

पल्स कोण बनवणार? हा एकच प्रश्न आधी सोडवा. कोअर किती आणि गिगाहर्ट्झ किती हे त्यानंतर.

पल्स वेगळा मायक्रोकंट्रोलर बनवत असेल तर छोट्या बोर्डाचं काम फक्त ओळी पाठवणं आणि स्क्रीन दाखवणं. त्याला १ जीबी रॅमचा जुना बोर्डही पुरतो. इथे नवा बोर्ड घेऊन काही सुधारत नाही. तो पैसा चांगला सप्लाय, केबल आणि ३२ बिटांच्या कंट्रोलरवर लावा.

लिनक्ससीएनसीच हवं असेल तर पल्स एफपीजीए (स्वतःच्या चिपमध्ये पल्स बनवणाऱ्या) कार्डाकडे सोपवा, उदाहरणार्थ मेसाचं एथरनेटवर चालणारं ७आय७६ई किंवा ७आय९६एस. मग बोर्डाला दर मिलिसेकंदाला एकदा कार्डाशी बोलायचं असतं आणि १०० मायक्रोसेकंदांचा जिटरही पचतो. शिवाय एथरनेटच्या जोडणीत ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या राहतात, आणि यूएसबीवाल्यांचा अर्धा त्रास इथे उद्भवतच नाही. यासाठी पाय ४ किंवा पाय ५ घ्या. पाय ३बी+ नको, कारण त्याचं एथरनेट आतून यूएसबी २.० वरून जातं आणि तिथे उशीर वाढतो. एथरनेटचा पोर्ट फक्त कार्डासाठी राखून ठेवा, इंटरनेट वायफायवरून घ्या.

बीगलबोन ब्लॅक २०१३ चा आहे आणि त्याचा मुख्य प्रोसेसर आजच्या मानाने संथ, पण त्यात २०० मेगाहर्ट्झचे दोन स्वतंत्र पीआरयू (मुख्य प्रोसेसरपासून वेगळे छोटे प्रोसेसर) आहेत. दर सूचनेला ५ नॅनोसेकंद लागतात आणि लिनक्स कितीही गुंतलेलं असलं तरी त्यांचं काम चालू राहतं. पल्ससाठी तो आजही अनेक वेगवान बोर्डांपेक्षा भरवशाचा आहे. ग्राफिक्स मात्र त्याच्यावर लादू नका, स्क्रीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा.

पाय ५ वर जुनं, थेट रजिस्टरला हात घालणारं जीपीआयओ सॉफ्टवेअर चालत नाही, कारण त्याच्या पिना आरपी१ या वेगळ्या चिपमागे गेल्या आहेत. जुनं कार्ड काढून नव्या बोर्डात घातलं आणि मशीन हललंच नाही, तर आधी हे तपासा.

बाकीच्या अनेक स्वस्त बोर्डांचे आकडे कागदावर उत्तम दिसतात. घेण्याआधी एवढंच बघा: त्या बोर्डासाठी मूळ लिनक्स कर्नल चालतो का, की उत्पादकाने एकदाच दिलेल्या जुन्या कर्नलवर अडकून राहावं लागेल? दुसरा प्रकार असेल तर रिअलटाइम कर्नल बांधणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. ज्याला मशीनवर लाकूड कापायचं आहे त्याने तो बोर्ड घेऊ नये.